मुलाखतीची तयारी : उमेदवाराची आणि मंडळाचीही

लेखी परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रात एक नवाच हंगाम सुरू होतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत, खाणावळीचा एक डबा दोघांत वाटून घेत ज्यांनी दोन-तीन वर्षे काढली, ते तरुण-तरुणी आता आरशासमोर उभे राहू लागतात. दारातून आत कसे यावे, खुर्ची केव्हा ओढावी, हात कोठे ठेवावेत, हसावे तर किती हसावे, याचे धडे देणारे वर्ग निघतात. कोट शिवावा की पांढरा सदरा पुरेल, याची गंभीर चर्चा होते. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ नावाचा माल पंधरा दिवसांत घरपोच मिळू शकतो, अशी ग्वाही देणाऱ्या जाहिरातींनी भिंती भरून जातात.

या खटाटोपाला हसणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या घरातून आजवर कोणी साहेबासमोर खुर्चीवर बसलेलेच नाही, त्या घरातील मुलाची धास्ती खोटी नसते. पाच अपरिचित माणसांच्या अर्ध्या तासाच्या मतावर आपल्या अनेक वर्षांच्या श्रमाचे आणि बापाने विकलेल्या जमिनीच्या तुकड्याचे मोल ठरणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रश्न आहे तो निराळाच. मुलाखतीला दोन बाजू असतात. उत्तर देणाऱ्याच्या तयारीसाठी एवढा बाजार उभा राहिला. पण प्रश्न विचारणाऱ्यांनी कोणती तयारी करावयाची, याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. उमेदवाराची तयारी आणि मंडळाची तयारी या दोन्हींचा एकत्र विचार केल्यावाचून मुलाखतीचा प्रश्न समजणार नाही आणि सुटणारही नाही.

मुलाखत ही काही निरुपयोगी गोष्ट नव्हे. कागदावर जे दिसत नाही ते तिच्यातून दिसू शकते: माणूस दुसऱ्याचे ऐकून घेतो काय, अडचणीच्या प्रसंगी विचार कसा करतो, आपले म्हणणे समोरच्याला पटेल अशा रीतीने मांडू शकतो काय. केंद्रीय लोकसेवा आयोगाची स्वतःची भूमिका अशी आहे, की ही उलटतपासणी नसून नैसर्गिक, पण हेतुपूर्वक चालविलेले संभाषण असावे. भूमिका उत्तम आहे. परंतु संभाषण नैसर्गिक होण्यासाठी दोन्ही बाजूंचे जग थोडेफार सारखे असावे लागते. ज्याच्या घरी जेवणाच्या वेळी बदल्या, बढत्या आणि वर्तमानपत्रांतील अग्रलेख यांवर बोलणे होते, त्याला हे संभाषण घरचेच वाटते. ज्याच्या घरी संध्याकाळी उद्याच्या मजुरीची चिंता असते, त्याला तेच संभाषण परीक्षेहून कठीण जाते. पहिल्याच्या सहजतेला ‘आत्मविश्वास’ म्हणतात आणि दुसऱ्याच्या संकोचाला ‘व्यक्तिमत्त्वाचा अभाव’. वास्तविक दोन्ही ठिकाणी मोजला जातो तो वर्ग.

मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत निवडीचे साधन म्हणून कच्ची आहे, हे आता संशोधनानेही दाखविले आहे. सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींचा जो फेरआढावा प्रसिद्ध केला, त्यात सर्व उमेदवारांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी आखीव मुलाखत आणि पुढे नोकरीत होणारे काम यांचा सहसंबंध ०.४२ इतका आढळला. मनाला येईल ते विचारणाऱ्या मोकळ्या मुलाखतीत तोच ०.१९ पर्यंत खाली येतो. म्हणजे मुलाखत चांगली की वाईट हे उमेदवाराच्या कोटावर अवलंबून नसून मंडळाने आधी केलेल्या गृहपाठावर अवलंबून असते. ज्या मंडळाने कामाचे स्वरूप पाहून प्रश्न तयार केलेले नाहीत, ते मंडळ माणूस पारखीत नाही. ते आपली आवडनिवड नोंदविते.

या आवडीनिवडीवर लगाम घालण्याचे काम आपल्याकडे न्यायालयांना करावे लागले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी एकूण १५० गुणांपैकी ५० गुण मुलाखतीला होते, आणि ती मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात असे. प्रश्न विचारले जात ते बहुधा आईवडील कोण, राहणे कोठे, असे. अजय हासिया खटल्यात १९८० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे हा मनमानीचा प्रकार होय. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी सूचनाही त्याच निकालात आहे. पुढे १९८५ साली हरियाणातील भरतीचे प्रकरण आले. तेथे ६१ जागांसाठी १३०० हून अधिक उमेदवारांना मुलाखतीस पाचारण करण्यात आले होते, आणि ९०० पैकी २०० गुण मुलाखतीचे होते. जागांच्या दोन किंवा फार तर तीनपट उमेदवार बोलवावेत, सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचे गुण एकूण गुणांच्या १२.२ टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत आणि आयोगाच्या सदस्याचा नातलग उमेदवार असेल तर त्या सदस्याने त्याच्या मुलाखतीपासून दूर राहावे, असे न्यायालयाने बजावले. तोवर अनेक वर्षे काय चालत आले असेल, याची कल्पना या सूचनांवरूनच यावी.

टक्केवारीच्या या मर्यादेमागे एक साधे अंकगणित आहे, ते मात्र पुष्कळदा नजरेआड होते. कागदावरचे गुण हे मुलाखतीचे खरे वजन नव्हे. खरे वजन ठरते ते गुणांच्या फरकावरून. समजा, ८०० गुणांच्या लेखी परीक्षेत वर आलेले शंभर उमेदवार ४० गुणांच्या टप्प्यात दाटीने उभे आहेत आणि १०० गुणांच्या मुलाखतीत मंडळ कोणाला ३०, तर कोणाला ८० गुण देते. येथे मुलाखतीचा वाटा नावाला अकरा टक्के असला, तरी यादीत कोण राहणार आणि कोण गळणार याचा निर्णय बहुतांशी तीच करते. महाराष्ट्राच्या राज्यसेवा परीक्षेत अनेक वर्षे लेखीला ८०० आणि मुलाखतीला १०० गुण होते. केंद्रीय आयोगाच्या धर्तीवर स्वीकारलेल्या रचनेत हे आकडे १७५० आणि २७५ असे आहेत. म्हणजे मुलाखतीचा वाटा ११.१ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. वाढ लहान दिसते. परंतु जेथे एका गुणाने आयुष्याची दिशा बदलते, तेथे लहान असे काही नसते.

खाजगी क्षेत्रात तर एवढाही लगाम नाही. तेथे गुणपत्रक नाही, अपील नाही, कारण देण्याचे बंधन नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले. फरक होता तो नावांचा. ज्या नावांवरून दलित किंवा मुसलमान असल्याचे कळत होते, त्यांना पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेने कमी निघाले. मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ही चाळणी लागलेली असते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलून जे लिहिले, ते याहून बोलके आहे. हे अधिकारी गुणवत्तेचा जप करीत होते आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे आवश्यक आहे, असेही सांगत होते. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर कोठे आहे: प्रश्न वरवर किती निरागस! पण त्यांच्या उत्तरांतून जात, वर्ग आणि वस्ती या तिन्हींचा पत्ता लागतो. जातीचे नाव न घेता जात विचारण्याची ही आधुनिक रीत आहे.

स्त्रियांच्या वाट्याला आणखी एक प्रश्नपत्रिका येते. लग्न केव्हा करणार, झाले असल्यास मूल केव्हा, नवऱ्याची बदली झाली तर काय, सासरच्यांची परवानगी आहे काय. हे प्रश्न तिच्या भावाला कधी विचारले जात नाहीत. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली होती, आणि तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले आहे. कायदा असा आणि मुलाखतीच्या खोलीतील रिवाज मात्र तसा, हे किती काळ चालावयाचे?

भाषेचा प्रश्न याच पंक्तीतला. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून केंद्रीय सेवांची परीक्षा भारतीय भाषांतून देण्याची वाट मोकळी झाली, आणि मुलाखतही मातृभाषेतून देता येऊ लागली. समाजवादी चळवळीने लोहियांच्या काळापासून जो आग्रह धरला, त्याला आलेले हे एक फळ होय. पण खाजगी कचेऱ्यांत आजही इंग्रजीच्या दोन वाक्यांवर माणसाची बुद्धी जोखली जाते. ज्या कामात दिवसभर मराठी ग्राहकांशी, मराठी कामगारांशी बोलावयाचे, त्या कामासाठीही अस्खलित इंग्रजीची अट असते. ही अट कामाची नव्हे. ती कुंपणाची आहे.

यावर उपाय म्हणून मुलाखतच रद्द करावी, असा एक विचार पुढे आला, आणि काही अंशी तो अमलातही आला. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. महाराष्ट्रातही तलाठी किंवा पोलीस शिपाई यांच्या भरतीत मुलाखत नाही. कनिष्ठ पदांच्या बाबतीत हे योग्यच झाले. या पदांच्या मुलाखती हा गावोगावच्या दलालांचा धंदा होऊन बसला होता. परंतु चोर एका दाराने आत येईनासा झाला की दुसरे शोधतो. महाराष्ट्रात २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली; त्याच वर्षी शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आले. शिवाय मुलाखत जेथे सर्वाधिक निर्णायक आहे, त्या ठिकाणी ती कायमच आहे: वरिष्ठ अधिकारपदे, प्राध्यापकपदे, अनुदानित खाजगी संस्थांतील नेमणुका, आणि सारे खाजगी क्षेत्र. अनेक शिक्षणसंस्थांत मुलाखतीचा निकाल मुलाखतीपूर्वीच ‘देणगी’च्या रूपाने लागलेला असतो, हे उघड गुपित आहे. पगार सरकारी तिजोरीतून आणि निवड संस्थाचालकाच्या मर्जीतून, असा हा व्यवहार आहे.

मग पहिल्या पिढीतील उमेदवाराने काय करावे? व्यवस्था अन्यायी आहे म्हणून तयारीच करू नये, असा सल्ला देणारा त्याचा मित्र नव्हे. मात्र तयारी म्हणजे साहेबाच्या मुलाची नक्कल नव्हे. नक्कल पाच मिनिटांत उघडी पडते, आणि जे स्वतःजवळ होते तेही तिच्या नादात हरवते. खरी तयारी चार गोष्टींची असते, आणि त्यांपैकी एकीलाही पैसे पडत नाहीत.

पहिली गोष्ट स्वतःचा अर्ज. अर्ज म्हणजे उमेदवाराने आपल्या हाताने मंडळाला दिलेला प्रश्नसंच होय. त्यातील प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिले असेल तर अलीकडे काय वाचले आणि त्यातले काय पटले नाही, हे सांगता आले पाहिजे. न येणारा छंद लिहिण्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवलेली बरी. पदवीचा विषय, मधले वाया गेलेले वर्ष, सोडलेली नोकरी, यांविषयी दोन सरळ वाक्ये तयार असावीत. वर्ष शेतीच्या कामात किंवा आईच्या आजारपणात गेले असेल तर तसे सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट ते काम. जे पद मागावयाचे त्यावरील माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो, हे पुष्कळ उमेदवारांना ठाऊक नसते. तहसीलदार व्हावयाचे असेल तर एक दिवस तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहून लोक कोणकोणत्या कागदांसाठी हेलपाटे घालतात ते पाहावे. कारखान्यात नोकरी हवी असेल तर तेथील कामगारांना गाठावे आणि माल काय निघतो, पाळ्या कशा आहेत, अपघात कोठे होतात ते विचारावे. माहितीपुस्तिकेतून न मिळणारे ज्ञान यातून मिळते.

तिसरी गोष्ट स्वतःचा अनुभव. कष्टकऱ्याच्या मुलाची खरी पुंजी हीच आणि नेमकी हीच तो लपवू पाहतो. मराठवाड्यातील ज्या मुलाने टँकरच्या रांगेत हंडे लावले आहेत, त्याला पाण्यावरील प्रश्नासाठी पाठांतराची गरज काय? पण नुसता अनुभव सांगून भागत नाही, तो मांडता आला पाहिजे. टँकर गावात येतो, परंतु दलित वस्तीपर्यंत पोहोचत नाही, अशी तक्रार आली तर अधिकारी म्हणून काय कराल, असे विचारले गेल्यास आवेशाचे भाषण उपयोगाचे नाही. प्रसंग काय होता, आपली जबाबदारी कोणती, पहिली कृती कोणती, तिचा परिणाम कसा तपासणार, या क्रमाने बोलावे: स्वतः जाऊन पाहणे, वस्तीतील स्त्रियांशी बोलणे, फेऱ्यांची नोंदवही तपासणे, टँकर थांबण्याची जागा लेखी ठरवून देणे, आणि आठवड्याने पुन्हा जाऊन पाहणे. जायकवाडीच्या पाण्यावरील प्रश्न आला तर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व ठाऊक असावे. अनुभवाला कायद्याची आणि आकड्यांची जोड मिळाली की तोच अनुभव युक्तिवाद होतो.

चौथी गोष्ट सचोटी. ‘हे मला ठाऊक नाही’ हे वाक्य स्वच्छपणे उच्चारता येणे, ही मोठी तयारी आहे. उत्तराआधी चार क्षण थांबण्यात कमीपणा नाही. मतभेद असेल तर तो नम्रपणे आणि कारण देऊन सांगावा. मंडळाला आवडेल ते मत धारण करणारा माणूस उद्या मंत्र्याला आवडेल ती टिपणीही लिहील. मोर्चात भाग घेतला होता, हे लपवावे काय, असा प्रश्न चळवळीतील तरुणांना पडतो. लपविलेली गोष्ट भीती निर्माण करते, आणि भीती चेहऱ्यावर दिसते. काय मागितले, कोणत्या मार्गाने मागितले, त्यातून काय शिकलो, आणि सेवेत आल्यावर नागरिक व अधिकारी यांच्या मर्यादांत कोणता फरक पडेल, एवढे शांतपणे सांगता आले तर मोर्चा हीच पात्रता ठरू शकते.

आणखी एक. खाजगी नोकरीत उमेदवारालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो त्याने वापरला पाहिजे. नोकरी कायम की कंत्राटी, कामाचे तास किती, साप्ताहिक सुटी आहे काय, भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, नेमणूकपत्र लेखी मिळेल काय. श्रम विकणारा हा भिक्षेकरी नव्हे. अटी न विचारता हो म्हणणारा स्वतःचे तर नुकसान करतोच, परंतु त्याच्या मागून येणाऱ्या दहा जणांची किंमतही कमी करतो.

ही तयारी एकट्याने होत नाही. बोलण्याचा सराव बोलूनच होतो. गावातील वाचनालय, सेवा दलाची शाखा, कामगार संघटनेची कचेरी, यांपैकी कोठेही आठवड्यातून एक संध्याकाळ पाच जणांनी जमावे. तिघांनी प्रश्न विचारावेत, एकाने उत्तरे द्यावीत, एकाने टिपून घ्यावे, आणि मग जागा बदलाव्यात. प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर त्या खुर्चीची निम्मी भीती जाते. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, तालुक्याचे वकील यांना बोलवावे. बाजार जे हजारो रुपयांना विकतो ते शेजाऱ्यांच्या मदतीने फुकट उभे राहू शकते. चळवळीने हे काम हलके समजू नये.

परंतु चळवळीचे काम तेवढ्याने संपत नाही. मंडळांनाही तयारी करण्यास भाग पाडले पाहिजे. मुलाखतीचे गुण १२ टक्क्यांच्या आत असावेत. प्रश्नांचा गाभा आणि गुणांचे निकष आधी लिहिलेले असावेत, प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी आपले गुण स्वतंत्रपणे नोंदवावेत. मंडळासमोर उमेदवाराचे आडनाव नसावे. वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, विवाह यांवरील प्रश्नांना लेखी मनाई असावी. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे आणि ते उमेदवाराला मागता यावे. १९८० साली सुचविलेली गोष्ट आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र असताना अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. मंडळात स्त्रिया आणि मागास समाजांतील जाणकार असावेत. मराठीतून उत्तर देणाऱ्याचा गुण कापला जाऊ नये. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक खाजगी संस्थेने निवडलेल्या आणि न निवडलेल्या साऱ्या उमेदवारांचे गुण फलकावर लावावेत. यांतील एकाही मागणीला फारसा खर्च नाही; खर्च होईल तो फक्त मर्जीचा.

आणि तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. मुलाखत असलेल्या जागा वाटते, नव्या निर्माण करीत नाही. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली म्हटल्याप्रमाणे, सगळेच चवड्यांवर उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही. प्रत्येकाने उत्तम मुलाखत दिली, म्हणून एका जागेच्या दोन होणार नाहीत. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा काम मागणाऱ्या मजुराला त्याच्या वडिलांचा व्यवसाय विचारला नाही. त्याने काम मागावे आणि शासनाने ते द्यावे, एवढेच तत्त्व मान्य केले. शिकलेल्या बेकारांच्या बाबतीत ते तत्त्व मान्य व्हावयाचे अजून बाकी आहे. रिक्त पदे भरणे, कंत्राटी पद्धत आवरणे, नवे काम निर्माण करणे, ही शासनाची तयारी आहे. तरुण रात्री जागून आपली तयारी करीत आहेत. आता शासनाने आपली केलेली दाखवावी.